नखाएवढा माणूस

"बाई, हा कोण रंगवला?" चहा ईझलपाशी ठेवत वाटाड्या कोंडाजीने विचारलं.

"कुणी नाही. माणूस नसला तर कड्याचा आवाका कळत नाही," वासंती म्हणाली. चित्रात कड्याच्या टोकावर तिने नखाएवढा माणूस काढला होता. पाठमोरा, खांद्यावर घोंगडी.

"माझा थोरला भाऊ असाच उभा राहायचा. गेल्या साली एक चित्रकार आले होते. त्यांना धरायला धावला आणि दोघंही दरीत गेले." एवढं बोलून तो लाकडं आणायला गेला.

दोन्हीकडे दरी असलेल्या अरुंद सोंडेवर ती एकटी उरली. खालून धुकं चढू लागलं. तिने ढग आणखी काळे केले. त्यांची तिलाच भीती वाटली, म्हणजे चित्र जमलं होतं. लांबून पाहायला ती सवयीने मागे सरकली. एक पाऊल, आणखी एक.

चित्रातला माणूस आता पाठमोरा नव्हता. तिच्याकडे तोंड करून त्याने दोन्ही हात पुढे केले होते, उधळलेल्या गुराला थोपवावं तसे.

ती जागीच थांबली. टाचेखालून एक दगड निसटला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.