भरलेली कांडी

उमरेडचा हातमाग विकून डोमाजी नागपुरात लेकीकडे आले, तेव्हापासून हसले नव्हते. बायको गेल्यावर माग चालणार तरी कसा? जन्मभर ती शेजारी बसून कांड्यांवर सूत भरायची. विणता विणता त्यांनी न बघता डावा हात पुढे केला, की भरलेली कांडी तळव्यावर ठेवायची. शेवटी लेकीनं त्यांना बळेच मातीकामाच्या क्लासला आणलं. "मले नाही जमत वं हे लेकरायचे खेळ," कुरकुरत ते विजेच्या चाकापुढे बसले. दोनदा गोळा कलंडला. मग बोटांखाली वाटी उभी राहिली आणि डोमाजी चक्क हसले. पाय मागावरच्यासारखे खालीवर होऊ लागले. त्या तंद्रीत, मान वर न करता, त्यांनी डावा हात पुढे केला. "बाबा, काय पाह्यजे? पाणी?" लेकीनं विचारलं. "काही नाही वं," ते म्हणाले. पण हात मागे घेतला नाही.