गेटवरचा फलक

माझ्या उमेदवाराचा फलक सकाळी गेटला बांधून कामावर जावं, तर संध्याकाळी गायब! माझा संशय समोरच्या मास्तरांवर. ते पक्के विरोधी पक्षाचे. "माणूस आतल्या गाठीचा आहे, नजर ठेवा," बायकोनेही कान भरले. म्हणून रजा काढून दिवसभर पडद्याआड बसलो, तर त्या दिवशी नेमकं कुणी फिरकलंच नाही. शेवटी तणतणत नगरपालिका गाठली.

"फलक आमचीच माणसं काढतात," साहेब शांतपणे म्हणाले. "घरमालकाने फोन करून हरकत घेतली की काढावाच लागतो. नियमच आहे तसा."

"अहो, मालक मी आहे!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

 

"घरपट्टीत सूट मिळावी म्हणून घर वहिनींच्या नावावर तुम्हीच केलंत ना?"