गच्चीवरचे पाहुणे

सोसायटीच्या गच्चीवर माती चढवून मी रानगवत लावलं, ते पाखरं यावीत म्हणून. आज त्याच गच्चीला बक्षीस द्यायचं का, हे ठरवायला परीक्षक येणार होते. सकाळी वर गेले, तर औषधाचा उग्र वास. सेक्रेटरी काका फवारणीचा पंप धूत होते.

“हे काय केलंत, काका?”

“अळ्या बघितल्यास केवढ्या झाल्या होत्या? पाहुण्यांच्या अंगावर चढल्या असत्या, म्हणजे शोभाच.”

“पाखरं त्या अळ्या खायलाच येतात.”

“मग आता आयत्या मेलेल्या मिळतील. चिडतेस कशाला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात परीक्षक जिना चढून वर आले, आणि समोर कठड्यावर चिमण्यांचा थवा उतरला. इतकी वर्षं मी ज्यांची वाट बघितली, त्या चिमण्या. पहिली गवतात शिरली, तशी मी हात उडवत, ओरडत धावले आणि एकूण एक चिमणी हाकलून लावली.

परीक्षकांनी काकांना हळूच विचारलं, “या बाईंना पाखरांचा त्रास होतो का?”

“थोडा होतो,” काका म्हणाले, “पण आम्ही घेतो सांभाळून.”