अंधारातला गहू

गव्हाला अंधारातही उजेडाची चाहूल लागते, हे सत्य जगात सर्वप्रथम उमगले ते प्रद्युम्नला. जगाला कळवायचे तेवढे राहिले होते. तिसऱ्या वर्षीचे आकडे हाती आले की तेही होणार होते. आणि ते आकडे हिर्डोशीच्या वरच्या वाडीत, बयाबाईंच्या बिनखिडकीच्या खोलीत वीतभर उगवून उभे होते.

दसऱ्याची दुपार होती. टॉर्चला हिरवा कागद गुंडाळून प्रद्युम्न आत शिरला. हिरवा उजेड रोपांच्या फारसा लक्षात येत नाही. नऊ दिवसांचे हडकुळे कोंब त्याने कात्रीने कापले, कोरड्या बर्फाच्या डब्यात ठेवले आणि बाळ घेऊन यावे तसा डबा घेऊन बाहेर आला.

"एवढ्या गवतासाठी भोरावरनं गाडी करून येता, सर," बयाबाईंचे यजमान आबा म्हणाले. "शेरडू बी तोंड लावायचं न्हाई."

"गवत नाही आबा, अंधार न्यायला येतो."

भोरात अंधार मिळत नव्हता. प्रयोगशाळेत इन्व्हर्टरचा लाल दिवा, घरासमोर मंगल कार्यालयाची रोषणाई.

"रोपात उजेड ओळखणारी प्रथिनं असतात," प्रद्युम्न वर्गात सांगावे तसे सांगू लागला. "उजेड लागला की ती पेशीच्या गाभ्यात जाऊन झोपलेल्या जनुकांना उठवतात. मग पान हिरवं करणारी नवी प्रथिनं बनतात. उजेडच नाही, तर सगळं निजलेलं. पण तुमच्या खोलीत मागची दोन्ही वर्षं जनुकं अर्धवट जागी सापडली!"

"कुणी हाक न मारता?"

"कुणी हाक न मारता."

"आमच्या घरात असं कुणी न्हाई," आबा म्हणाले.

पीएच.डी.त सहा वर्षे गेली होती. मार्गदर्शक महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. प्रबंधाला सोनेरी अक्षरांचे पुठ्ठे आधीच करून घेतले होते: 'अंधारातील जागृती'. एक तक्ता रिकामा होता, आणि ऋणनिर्देशाचे पान.

बयाबाई चहा घेऊन आल्या. प्रद्युम्नला भरून आले. त्याने वही काढली.

"बयाबाई, प्रबंधात तुमचं नाव घालतो. नऊ दिवस काय काय केलंत, सांगा. सविस्तर."

"काय करायचं? तुमीच म्हणला व्हता, उन्हाची तिरीप लागू देऊ नका, घटावानी जपा. जपलं. दार लावून घ्यायचं, पाण्याचा हबका मारायचा, रोज एक माळ बांधायची. आज सकाळी घट उठवला, माळा सोडल्या, खोलीतला दिवा देव्हाऱ्यात नेला."

प्रद्युम्नने 'माळा' लिहिले. पुढे पेन चालले नाही.

"दिवा?"

"अखंड दिवा. घटापुढं दिवा नगं व्हय? नऊ दिस इझू दिला न्हाई."

"तिन्ही वर्षं?"

"आता! रीत काय वरसाला बदलती व्हय, सर?"

प्रद्युम्नने डब्याकडे पाहिले. झाकणाखालून धूर येत होता. चहावर साय धरली होती. वही अजून उघडीच होती, तेव्हा आबांना वाटले, सविस्तरमध्ये काहीतरी राहिले असावे.

"यंदा दोन किलो गोडं तेल लागलं," त्यांनी सांगितले.