चौकशीवाल्या बाई

बेकरीवाला दुकानाबाहेर येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत होता, आणि बाई समोरच्या टपालपेटीआड उभ्या होत्या.

आपण का लपलो, ते त्यांनाही कळेना. तासाभरापूर्वी त्याच दुकानात त्यांनी पाव खाल्ला, कॉफी प्यायली, पैसे दिले. उठताना वहीत बघून, हसून, "येते हं" म्हणाल्या. तोही हसला होता. आता काचेतून त्यांचा अर्धा कप टेबलावर तसाच दिसत होता. वर बशी झाकलेली.

बाईंनी पर्स उघडून पाहिली. चमचाबिमचा चुकून आला नव्हता.

प्र. बेकरीवाला कुणाला शोधतोय?
उ. माहिती उपलब्ध नाही.

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं बसलं, की माणूस स्वतःशीही असंच बोलतो.

वहीबद्दल सांगायचं राहिलं. लेकीनं करून दिली होती. बाई एकेक वाक्य सांगत गेल्या, लेक ते फोनमध्ये घालून इथल्या भाषेत काय म्हणतात ते ऐकत गेली आणि देवनागरीत उतरवत गेली. किती झाले. नको, पोट भरलं. फलाट कुठला. येते हं. अशी दोन पानं. तेवढ्यावर बाई एकट्या परदेशात उतरल्या होत्या.

संध्याकाळी लेकीचा फोन.

"हरवली नाहीस ना?"

"शाळेच्या पहिल्या दिवशी तू हरवली होतीस. मी नाही."

"चेष्टा नको, आई. अट लक्षात आहे ना? एकदा जरी हरवलीस..."

"तर पहिल्या विमानानं परत. पाठ आहे मला."

"आणि ती बेटावरची बोट? एकटी जाणारेस?"

"चौथ्या दिवशी सकाळी. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सांगितल्या गं. आता माझी लागलीय, ती मी सोडायची?"

बेकरीवाल्याचं बाईंनी काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा स्क्रू पडला. चष्मेवाल्यानं तो बसवून दिला, वर काच पुसून दिली. पैसे घेईना. "येते हं, दादा," म्हणून बाई निघाल्या, तर तो लगबगीनं आत गेला आणि आणखी एक खुर्ची घेऊन आला. कुणी पाहुणा यायचा असेल.

संध्याकाळी बस त्याच रस्त्यानं परतली. सगळ्या दुकानांची शटरं पडलेली, चष्मेवाल्याचंच उघडं. तो दाराकडे तोंड करून बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी.

वस्तुसंग्रहालयाच्या पहारेकऱ्याची तऱ्हा तर विचारूच नका. बाईंचं "येते हं" ऐकून त्यानं बंद करायला घेतलेलं दार पुन्हा उघडलं आणि मनगटावरच्या घड्याळावर टकटक केली.

प्र. या गावाला काय झालंय?
उ.
प्र. की मला झालंय?
उ.

नकाशावर मात्र बाईंचं बोट एकदाही चुकलं नव्हतं. प्रत्येक वळणावर पेन्सिलीची फुली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरल्याप्रमाणे मुक्काम हलवला. दुसरी खोली बंदराजवळ होती, बोटीला बरी. पहिल्या खोलीची घरमालकीण त्यांच्याच वयाची, गुडघ्यांनी त्यांच्याचसारखी बेजार. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी दोन दिवस ओट्याशी बसून मनसोक्त गप्पा झाल्या होत्या. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला मिठी मारली. "येते हं, ताई."

ताईनं मान डोलावली आणि हातात दिलेली किल्ली पुन्हा त्यांच्याच पर्समध्ये टाकली. बाईंनी ती काढून टेबलावर ठेवली. ताईनं कपाळाला आठ्या घातल्या. बाई कोपऱ्यावर पोहोचल्या तेव्हाही ती घरातल्या सपाता घालून, दार धरून उभी होती.

माझं काही चुकलं का, ताई? एवढं विचारायलासुद्धा वहीत वाक्य नव्हतं.

दुपारी बोटीच्या तिकिटाच्या खिडकीशी एक पोलीस आला. त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. कागदावर बाईंचा पासपोर्टवरचा फोटो होता.

चौकीत टेबलावर तसे चार कागद. गेली बोट. उद्या विमान. लेक म्हणणार, सांगितलं होतं ना.

पोलिसानं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"काकू, नमस्कार. मी इथल्या दवाखान्यात नर्स आहे. आपल्याकडचं कुणी अडलं की पोलीस मला फोन करतात. घाबरू नका."

"मी काही चोरलं नाही गं. चमचासुद्धा नाही."

"कसला चमचा?"

"काही नाही. बोल तू."

"चार तक्रारी आल्यात."

"बेकरीवाला ना? आणि चष्मेवाला. पहारेकरी." बाईंनी चौथं बोट मोजलं. "ताईसुद्धा?"

"चौघंही बरोबर. पण काकू, तक्रार तुमच्यावर नाहीये. तुम्ही हरवल्याची आहे."

"मी हरवले?" बाई ताडकन उठल्या. "अगं, तीन दिवसांत एक वळण चुकले नाही मी! नकाशा दाखवते ना! लेकीला कळवलं का यांनी?"

"नाही, नाही. फोन लावणारच होते, तेवढ्यात तुम्ही सापडलात. थांबा, काय लिहिलंय ते वाचायला सांगते."

पोलीस फोन स्पीकरवर टाकून एकेक कागद वाचू लागला. पहिल्या कागदाला पलीकडून हुंकार आला. दुसरा तिनं पुन्हा वाचायला लावला. चौथा तर दोनदा.

"बोल ना गं. काय म्हणतायत?"

"काकू, ही माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. पण चौघांनीही एकच लिहून दिलंय."

"काय?"

"'येते म्हणाली. मी अजून थांबून आहे.'"