रिकामं घरटं

"बाबीकाका, ती पानं जरा छाटा ना. पिल्लं नीट दिसत नाहीयेत," फोटो काढायला आलेला पाहुणा म्हणाला.

आंबोलीच्या जंगलात वीस वर्षं पक्षी दाखवणाऱ्या बाबी गावड्यांना घरटं उघडं पडेल हे कळत होतं. पण नाही म्हणणं जमलं नाही. त्यांनी घरट्यावरची डहाळी कापली. उघड्या पडलेल्या घरट्यातली तिन्ही पिल्लं दुपारीच कावळ्यानं नेली.

दुसऱ्या सकाळी लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक चोचीत माशी घेऊन आला. घरट्याच्या काठावर बसून पुन्हा पुन्हा आत वाकून बघू लागला.

"वा! काय पोज दिलीय!" पाहुण्यानं कॅमेरा सरसावला.

"पोज कसली? पोरांना भरवायला आलाय तो," बाबी म्हणाले आणि झाडाखालीच बसले.

पाहुणा निघून गेला. नर्तक संध्याकाळपर्यंत माश्या आणत राहिला. बाबी तिथून हलले नाहीत.