शेगावकडची खूण

तानाबाई वारली त्या सकाळी, लोणारच्या घरात माणसं जमायच्या आधीच, पुंजाजीनं मुलीला, सारिकाला, बाजूला घेतलं. हिवाळा लागला होता.

"शेगावले कळवू नको," तो म्हणाला.

"प्रतिमामावशीले? काऊन?"

"तिच्या हृदयाचं माहीत आहे ना तुले. हे ऐकून ती राहीन का?"

"मग नीळकंठकाकाले तरी सांगा."

"त्या माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. तुही मायच सांगे."

सारिकानं हातातला फोन खाली ठेवला.

प्रतिमा ही तानाबाईची मैत्रीण. दोघी बुलडाण्याला डी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत होत्या. ग्रंथालयाचं कार्ड एकच, पुस्तकही एकच. एकीनं एक धडा वाचायचा, मग दुसरीनं. दोघी शिक्षिका झाल्या, निवृत्त झाल्या, तरी ही रीत सुटली नाही. नवऱ्यांची, पुंजाजी आणि नीळकंठरावांची, ओळख मात्र लग्नकार्यापुरतीच राहिली. पुढे प्रतिमाला ऐकू येईनासं झालं, फोन थांबले, तेव्हा तानाबाईनं ई-ग्रंथालयात एक खातं काढलं. त्याच खात्यावर इकडे हिचा पुस्तकं वाचायचा रीडर, तिकडे तिचा टॅब. एकीनं वाचलं की दुसरीच्या पडद्यावर ओळ उमटायची. 'दुसऱ्या उपकरणावर इथपर्यंत वाचून झालं आहे, तिथे जायचं का?'

"हेच आमचं पोस्टकार्ड," तानाबाई म्हणायची.

शेवटी शेवटी ती फक्त त्या ओळीची वाट पाहायची. "पाहा, प्रतिमा सुधरून राह्यली," ती पुंजाजीला सांगायची. "पहिले चार पानं वाचून दमे. आता अख्खा धडा वाचते. वाक्याखाली रेघा माराची सवय तेवढी मोडली तिची."

ती गेल्यावर रीडर पुंजाजीकडे आला. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस, कादंबरीशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं पानं उलटली, पण वायफाय बंद होतं, त्यामुळे वाचल्याची खूण शेगावला पोचलीच नाही. मग सारिकानं शिकवलं. नेट सुरू करायचं, धडा संपेपर्यंत बोट सरकवायचं, थांबायचं. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, म्हणून त्याआधी मुदत वाढवून घ्यायची.

"वाचता का, बाबा, की नुसतेच सरकवता?"

"सरकवतो. वाचाले बसलो तर तुही माय आठवते."

रोज संध्याकाळी तो हे काम उरकायचा. सकाळी शेगावकडून खूण आलेली असायची, एक धडा पुढे. ती पाहिली की त्याला बरं वाटायचं, आणि लगेच थकवाही यायचा. मेलेल्या बायकोच्या नावानं तो एका आजारी बाईला फसवत होता. पण बाई वाचत होती, म्हणजे जगत होती. तेवढ्यासाठी तो बोट सरकवत राहिला.

तानाबाईनं निवडलेली ती जाडजूड कादंबरी एकदाची संपत आली.

"पुढचं पुस्तक कोणतं घ्याचं?" सारिकानं विचारलं. "मायच निवडे."

"मले काय कळते त्यातलं? मी निवडलं तर मावशी पहिल्याच पानावर ओळखीन."

"मग जाऊन सांगा, बाबा. कुठवर ओढसान? तुम्हीच आडवे पडसान एक दिवस."

पुंजाजीनं रीडर बंद करून बाजूला ठेवला.

"जातो," तो म्हणाला. "पहिले नीळकंठरावाच्या कानावर घालतो. त्याईले कळते तिले कसं सांगाचं ते."

बसमध्ये त्यानं वाक्यं जुळवली. मेहकरला मोडली, खामगावला पुन्हा जुळवली. शेगावला उतरून घर शोधत गेला.

दार नीळकंठरावांनीच उघडलं. माणूस अर्धा झाला होता.

"पुंजाजीभाऊ, तुम्ही? इतक्या दूर?"

"एक गोष्ट सांगाची होती."

"सांगसान. पहिले आत या, पाणी घ्या."

पाणी आलं. पुंजाजीनं पेला तोंडाला लावला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. प्रतिमाच्या फोटोला हार होता. खाली टॅब चार्जिंगला लावलेला होता.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली," नीळकंठराव म्हणाले. "कळवलं नाही, राग धरू नका, भाऊ. तानाबाई अंथरुणात, त्याईले हे झेपलं नसतं. म्हणून मीच रोज पानं सरकवून राह्यलो. तुमच्या पोटात ठेवा. त्या तिकडे वाचतात हे दिसते ना, त्याच्यावरच माहा दिवस निघते."

पुंजाजीनं पेला खाली ठेवला. जे सांगायला तो आला होता, ते अजून सांगायचंच होतं.